शीर्षकहीन चित्राची किंमत : वासुदेव गायतोंडे, लिलावाचा बाजार आणि मूल्याची संहिता

१

म्हैसूरच्या जुन्या वस्तीत लष्कर मोहल्ला, देवराज मोहल्ला, मंडी मोहल्ला ही नावे अजून रुळलेली आहेत. ‘मंडी’ म्हणजे ठोक मालाची पेठ आणि ‘मोहल्ला’ म्हणजे वस्ती. पहिला शब्द उत्तरेकडून आला, दुसरा अरबीतून. मंडी मोहल्ल्याला लागून जाणारा हमरस्ता बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या नावाने ओळखला जातो. एका कन्नड नगरीतील एवढ्याशा भागात तीन-चार भाषांचे आणि दोन संस्थानांचे अवशेष एकत्र आढळावेत, ही गोष्ट तौलनिक अभ्यासकाला थबकविणारी आहे.

पेठेशी निगडित असलेल्या एका शब्दाचा विचार येथे प्रथम करावयाचा आहे. कन्नड भाषेत लिलावाला ‘हराजू’ म्हणतात. विदर्भातील मराठीत ‘हर्रास’ हा शब्द त्याच अर्थाने चालतो आणि दोहोंचे मूळ अरबी ‘हराज’ ह्या शब्दात आहे. प्रमाण मराठीतील ‘लिलाव’ मात्र पोर्तुगीजांबरोबर पश्चिम किनाऱ्यावर उतरला; हिंदीतील ‘नीलाम’ हाही त्याच कुळातला. लिलावात जी लावली जाते ती ‘बोली’ आणि माणूस बोलतो तीही ‘बोली’. मराठीने हे दोन अर्थ एकाच शब्दात ठेवले आहेत. पुकारलेल्या आकड्याला अर्थ प्राप्त होण्यासाठी त्याआधी बरेच काही बोलले आणि लिहिले गेलेले असावे लागते, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. ह्या शब्दाने ते जणू अगोदरच करून ठेवले आहे.

प्रस्तुत लेखात वासुदेव संतू गायतोंडे (१९२४–२००१) ह्यांच्या चित्रांच्या लिलाव-बाजाराचे स्वरूप स्पष्ट करण्याचा प्रयत्न आहे. हा विषय अर्थशास्त्राचा, फार तर कलेतिहासाचा. साहित्याच्या अभ्यासकांनी त्यात का लक्ष घालावे, असा प्रश्न उपस्थित होऊ शकतो. त्याचे उत्तर असे की, लिलावात चित्राबरोबर एक संहिताही विकली जाते. ती संहिता कोणी, कोणत्या भाषेत आणि कोणत्या साधनांच्या आधारे लिहिली, हा प्रश्न निःसंशय आपल्या कक्षेतला आहे.

२

प्रथम वस्तुस्थिती. गायतोंडे ह्यांचा जन्म नागपूरचा, घराणे गोमंतकीय आणि वाढ मुंबईच्या गिरगावातील चाळीत झालेली. सर ज. जी. कलाशाळेतून त्यांनी १९४८ मध्ये पदविका घेतली. प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपशी त्यांचा संबंध आला, भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी काम केले, १९६४ मध्ये रॉकफेलर निधीच्या पाठ्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कला गेले आणि पुढे दिल्लीस स्थायिक झाले. १९७१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आपल्या चित्रांना ‘अमूर्त’ म्हटलेले त्यांना रुचत नसे. ‘वस्तुनिरपेक्ष’ हा शब्द त्यांना अधिक जवळचा वाटे. रूळ आणि रंगपट्टीची सुरी ही त्यांची मुख्य साधने. रंगाचे थर चढवीत, काही ठिकाणी ते उचलून घेत, अतिशय सावकाश ते काम करीत. त्यामुळे वर्षाकाठी पाच-सहाच चित्रे पूर्ण होत. १९८४ च्या अपघातानंतर काही वर्षे त्यांना कॅनव्हासपासून दूर राहावे लागले आणि शेवटची काही वर्षे त्यांनी चित्रे काढलीच नाहीत.

आता किमती. डिसेंबर २०१३ मध्ये क्रिस्टीज ह्या लिलावगृहाने भारतातील आपला पहिला लिलाव मुंबईत भरविला. त्यात गायतोंडे ह्यांचे १९७९ चे एक शीर्षकहीन चित्र अंदाजित किमतीच्या दुपटीहून अधिक भावाने, म्हणजे सुमारे २३.७ कोटी रुपयांना विकले गेले. डिसेंबर २०१५ मध्ये १९९५ च्या चित्राला सुमारे २९.३ कोटी मिळाले. मार्च २०२१ मध्ये सॅफ्रनआर्टच्या लिलावात १९६१ च्या चित्राला ३९.९८ कोटी, तर सप्टेंबर २०२५ मध्ये त्याच संस्थेच्या दिल्लीतील लिलावात १९७० च्या चित्राला ६७.०८ कोटी रुपये मिळाले. त्याच वर्षी मार्चमध्ये न्यूयॉर्कला पंढरपुरात जन्मलेल्या मकबूल फिदा हुसेन ह्यांचे ‘ग्रामयात्रा’ हे १९५४ चे चित्र सुमारे ११८ कोटींना गेले होते. गायतोंडे ह्यांचा आकडा तेव्हा त्याखालोखाल ठरला.

ह्या क्रमात एक गोष्ट नजरेत भरते. विक्रम प्रस्थापित करणारी ही चार चित्रे १९६१, १९७०, १९७९ आणि १९९५ ह्या सालांची, म्हणजे साडेतीन दशकांत विखुरलेली आहेत. पुष्कळ चित्रकारांच्या बाबतीत बाजार एखाद्या ‘उत्तम कालखंडा’ला धरून बसतो आणि उरलेल्या कामाकडे पाठ फिरवितो. गायतोंडे ह्यांच्या बाबतीत तसे झालेले दिसत नाही. येथे किंमत विशिष्ट शैलीपेक्षा ‘गायतोंडे’ ह्या नावाभोवती जमलेल्या एकसंध प्रतिमेला मिळते आहे, असे अनुमान त्यावरून काढता येते. ती प्रतिमा कशी घडली, हे पुढे पाहू.

३

तत्पूर्वी लिलावाची रीत समजून घेणे आवश्यक आहे. धान्याच्या आणि गुरांच्या जुन्या बाजारांत हातावर रुमाल टाकून, बोटांच्या खुणांनी भाव ठरविण्याची पद्धत होती. बघणाऱ्याला सौदा दिसे, भाव दिसत नसे. नियंत्रित बाजार समित्यांनी उघड लिलावाचा आग्रह धरला तो ह्या रुमालाला आळा घालण्यासाठी. चित्रांचा लिलाव वरकरणी उघडच असतो. सूचीत प्रत्येक चित्राचा किमान व कमाल अंदाज छापलेला असतो आणि बोली सर्वांसमक्ष चढत जाते. परंतु विक्रेत्याने ठरविलेली राखीव किंमत, जिच्याखाली चित्र विकले जात नाही, ती गुप्त असते. विकत घेणाऱ्याचे नाव बहुधा गुप्त राहते. काही वेळा एखादा तिसरा पक्ष ठरावीक रकमेला चित्र घेण्याची हमी आधीच देऊन ठेवतो. शिवाय हातोडी पडते ती किंमत आणि खरेदीदार प्रत्यक्षात देतो ती किंमत ह्यांत लिलावगृहाच्या अधिभाराचे अंतर असते. वृत्तपत्रांत कधी एक आकडा येतो, कधी दुसरा. म्हणून दोन लिलावांतील आकड्यांची तुलना करताना सावधगिरी बाळगावी लागते. थोडक्यात, रुमाल गेलेला नाही, तो फक्त आकाराने लहान झाला आहे.

पुरवठ्याची बाजूही ध्यानात घ्यावयास हवी. मुळात चित्रे थोडी, त्यांतील काही टाटा मूलभूत संशोधन संस्था, राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय, न्यूयॉर्कचे आधुनिक कला संग्रहालय अशा संस्थांत कायमची गेलेली. बाजारात येऊ शकतील अशी त्याहून थोडी. अशा स्थितीत श्रीमंत खरेदीदारांची संख्या जराशी वाढली तरी भाव पुष्कळ चढतो.

ह्याला कायद्याचीही एक चौकट आहे. पुरावस्तू आणि कलानिधी अधिनियम, १९७२ ह्याखाली नऊ चित्रकारांच्या कृती राष्ट्रीय कलानिधी म्हणून घोषित झाल्या आणि त्यांच्या निर्यातीस बंदी आली. राजा रविवर्मा, रवींद्रनाथ, अवनींद्रनाथ व गगनेंद्रनाथ ठाकूर, नंदलाल बोस, जामिनी रॉय, अमृता शेरगिल, निकोलस रोरिक आणि शैलोज मुखर्जी हे ते नऊ. ह्या यादीत एकही मराठी चित्रकार नाही. यादीतील चित्रकारांची भारतात असलेली चित्रे देशातच फिरतात; गायतोंडे, सूझा, रझा, हुसेन ह्यांची चित्रे मात्र मुंबई, लंडन, न्यूयॉर्क अशा कोणत्याही पेठेत जाऊ शकतात. गौरवाच्या यादीत नसणे हेच बाजाराच्या दृष्टीने मोकळेपण ठरले, हा विरोधाभास नोंदविण्याजोगा आहे.

कायद्याची दुसरी तरतूद चित्रकाराच्या बाजूची आहे. स्वामित्वहक्क अधिनियमात १९९४ च्या दुरुस्तीने आलेल्या ५३-अ ह्या कलमानुसार, मूळ चित्राची पुनर्विक्री दहा हजार रुपयांहून अधिक किमतीला झाली तर प्रथम हक्कधारक असलेल्या चित्रकाराला अथवा त्याच्या वारसांना त्या किमतीत वाटा मागता येतो. हा वाटा जास्तीत जास्त दहा टक्के असू शकतो आणि स्वामित्वहक्काची मुदत संपेपर्यंत, म्हणजे गायतोंडे ह्यांच्या बाबतीत २०६१ अखेरपर्यंत, हा हक्क टिकतो. तथापि तो आपोआप मिळत नाही, मागावा लागतो. आणि वाटा मागण्याची रीत येथे रुजलेली नाही.

४

आता संहितेकडे वळू. लिलावाच्या सूचीत प्रत्येक महत्त्वाच्या चित्रासोबत तीन प्रकारचा मजकूर असतो. पहिला, स्वामित्वपरंपरेचा : चित्र प्रथम कोणी घेतले, कोणाकडून कोणाकडे गेले. दुसरा, प्रदर्शनांचा व प्रकाशनांचा : ते कोठे लावले गेले, कोणत्या पुस्तकात छापले गेले. तिसरा, निबंधाचा : चित्रकाराचे चरित्र आणि चित्राचे विवेचन. पाठचिकित्सेच्या अभ्यासकाला ह्यांतील पहिले दोन विभाग ओळखीचे वाटतील. हस्तलिखिताची पोथी कोणत्या मठातून कोणत्या घराण्यात गेली, लेखनिकाने शेवटी काय नोंदविले, ह्यावरून आपण तिची विश्वसनीयता ठरवितो. चित्राची साखळीही तशीच तपासली जाते. ‘ग्रामयात्रा’ अनेक दशके ओस्लोतील एका रुग्णालयात होते आणि तेथे ते कसे पोचले हे सांगता येत होते, ही गोष्ट त्या चित्राच्या किमतीत मिसळलेली आहे.

शीर्षक नसल्यामुळे गायतोंडे ह्यांच्या बाबतीत ह्या मजकुराचे महत्त्व आणखी वाढते. कथाविषय नाही, आकृती नाही, नाव नाही. साल आणि मापे एवढ्यावरच एक चित्र दुसऱ्यापासून कागदोपत्री वेगळे होते. अशा चित्राविषयी निबंधकाराला काही सांगावयाचे तर तो साहजिकच चित्रकाराच्या आयुष्याकडे वळतो. तेथे त्याला झेन, जे. कृष्णमूर्ती, रमण महर्षी, मुंबईतील निसर्गदत्त महाराज, निजामुद्दीनमधील एकांत, मितभाषित्व ही सामग्री सापडते आणि तीतून एक विरक्त साधकाची मूर्ती उभी राहते. ही मूर्ती खोटी नाही. परंतु अपुरी आहे. २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात संधिनी पोद्दार ह्यांनी योजलेले गायतोंडे ह्यांचे सिंहावलोकन प्रदर्शन भरले आणि नंतर ते व्हेनिसलाही गेले. त्यामुळे अभ्यासाला भक्कम पाया मिळाला, तशीच ह्या मूर्तीला आंतरराष्ट्रीय मान्यताही मिळाली.

मराठीत ह्याच्या जोडीला दुसरी एक परंपरा आहे. सतीश नाईक ह्यांच्या ‘चिन्ह’ने गायतोंडे ह्यांच्याविषयीच्या आठवणी, मुलाखती, समकालीनांच्या साक्षी चिकाटीने गोळा केल्या. त्या वाचताना गिरगावातली चाळ, कलाशाळेतले सहाध्यायी, मित्रांचे अड्डे, घरच्यांशी तुटलेले आणि न तुटलेले संबंध, असा माणसांनी भरलेला संसार समोर येतो. मर्ढेकरांच्या सौंदर्यविचाराने मराठी समीक्षेत रूपाचा आणि लयीचा प्रश्न ऐरणीवर आणला तो काळ आणि गायतोंडे आकृतीकडून वस्तुनिरपेक्षतेकडे निघाले तो काळ जवळजवळ एकच आहे. पुढे प्रभाकर बरवे ह्यांनी ‘कोरा कॅनव्हास’मध्ये चित्रकाराच्या विचारप्रक्रियेला थेट मराठी गद्यच दिले. ह्या सर्वांत परस्परप्रभाव होता असे पुराव्याशिवाय म्हणता येणार नाही. परंतु एकाच शहरात, एकाच भाषेच्या परिसरात हे प्रश्न एकाच वेळी विचारले जात होते, हा संदर्भ इंग्रजी सूचींत क्वचितच येतो. मीरा मेनेझिस ह्यांच्या ‘सोनाटा ऑफ सॉलिट्यूड’ (२०१६) ह्या इंग्रजी चरित्राने ही दरी काही अंशी भरून काढली आहे. तथापि भाषेतून आलेली साक्ष बाजारात पोचेपर्यंत तिचे एक-दोन वाक्यांचे सार होते, हे नाकारता येत नाही.

५

हे केवळ आपल्याकडेच घडते काय? तुलनेसाठी विसाव्या शतकारंभीच्या इटालियन चित्रकाराचे उदाहरण घेऊ. आमेदेओ मोदिल्यानी १८८४ मध्ये लिव्होर्नो येथे जन्मला आणि १९२० मध्ये पॅरिसला दारिद्र्यात आणि क्षयाने वारला. १९१७ मध्ये त्याचे हयातीतील एकमेव स्वतंत्र चित्रप्रदर्शन भरले, तेव्हा नग्नचित्रांमुळे पोलिसांनी त्याला हरकत घेतली. त्याच मालिकेतील एक निजलेली नग्निका २०१५ मध्ये न्यूयॉर्कला १७ कोटी ४ लाख डॉलरना विकली गेली. येथेही चित्राआधी दंतकथा विकली जाते : दारिद्र्य, व्यसन, अकाली मृत्यू.

पण मोदिल्यानीच्या बाजाराचा खरा आधारस्तंभ दंतकथा नसून एक सूची आहे. आंब्रोजो चेरोनी ह्यांनी तयार केलेल्या सूचीत ३३७ चित्रे आहेत, आणि तीत असणे वा नसणे ह्यावर कोट्यवधींचा फरक पडतो. एवढे असूनही नकलांचा उपद्रव थांबलेला नाही. १९८४ मध्ये लिव्होर्नोच्या कालव्यातून निघालेली शिल्पशीर्षे जाणकारांनी मोदिल्यानीची म्हणून स्वीकारली आणि ती काही तरुणांची करामत असल्याचे लवकरच उघडकीस आले. २०१७ मध्ये जिनोव्हा येथील प्रदर्शनातील बहुसंख्य चित्रे पुढे तज्ज्ञांच्या तपासणीत बनावट ठरली. अधिकृत सूची ही साहित्यातील प्रमाण संहितेसारखी असते : ती संशय कमी करते, पण आपल्याबाहेर राहिलेल्या अस्सल कृतींवर अन्यायही करते.

गायतोंडे ह्यांच्याबाबत चेरोनींसारखी सर्वमान्य सूची रूढ झालेली नाही. ज्यांनी ती चित्रे रंगविली जाताना पाहिली, ज्यांनी ती प्रथम विकत घेतली, ती पिढी आता विरळ होत आहे. चित्राची किंमत जसजशी वाढते तसतशी नकलेची प्रेरणा वाढते आणि साक्षीदारांची संख्या मात्र घटते. ह्या दोन रेषा एकमेकींना छेदतात त्या बिंदूवर आपण उभे आहोत. प्रस्तुत विवेचनात खऱ्या अर्थाने पणाला लागलेली गोष्ट हीच आहे.

६

आता पुन्हा म्हैसूर. मंडी मोहल्ल्यापासून फार दूर नसलेल्या जगन्मोहन राजवाड्यातील कलादालनात सावळाराम लक्ष्मण हळदणकर (१८८२–१९६८) ह्यांचे जलरंगातील चित्र आहे. हातात समई घेतलेली स्त्री, दिव्यावर आडवा धरलेला तळहात, बोटांतून झिरपणारा लालसर प्रकाश. सावंतवाडीत जन्मलेल्या ह्या मराठी चित्रकाराने १९४५-४६ च्या सुमारास आपल्या मुलीला समोर उभे करून ते रंगविले. त्याच्या प्रतिकृती दक्षिणेत घरोघरी पोचल्या आणि बहुसंख्य लोक ते चित्र रविवर्म्याचे समजतात. रविवर्मा १९०६ मध्येच निवर्तला होता, ही गोष्ट त्या समजाच्या आड येत नाही. कारणही उघड आहे. म्हैसूरच्या राजघराण्यासाठी रविवर्म्याने चित्रे केली होती, त्याच्या शिळाछापांनी घरांच्या भिंती व्यापल्या होत्या. तेव्हा साडी नेसलेली सुंदर स्त्री म्हणजे रविवर्मा, हे समीकरण लोकमानसात पक्के झाले होते.

हळदणकरांचे हे चित्र विकाऊ नाही. त्याला अंदाजित किंमत नाही, हातोडी नाही. कोणालाही तिकीट काढून ते पाहता येते. उलट ६७ कोटींचे चित्र लिलावापूर्वी काही दिवस पाहावयास मिळाले आणि नंतर खाजगी संग्रहात गेले. एका ठिकाणी चित्र लोकांपाशी राहिले आणि चित्रकाराचे नाव हरवले; दुसऱ्या ठिकाणी नाव सर्वतोमुखी झाले आणि चित्र नजरेआड गेले.

ह्या तुलनेवरून बाजार वाईट आणि संग्रहालय चांगले, असा सोपा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो टाळावयास हवा. हळदणकरांच्या चित्राभोवती जर कोट्यवधींचा व्यवहार असता, तर कर्तृत्वाचा हा गोंधळ इतकी वर्षे टिकला नसता. पैशाच्या जोखमीपोटी का होईना, कोणीतरी सही, साल आणि साखळी लोकांसमोर मांडलीच असती. बाजार कर्तृत्वाची नोंद ठेवतो, हे त्याचे श्रेय मान्य करावे लागते. परंतु ती नोंद विकण्यापुरती असते. चित्र कोणाचे, हे बाजाराला कळावे लागते. ते काय आहे, हे कळले नाही तरी त्याचे अडत नाही.

७

वरील विवेचनाचा इत्यर्थ असा. गायतोंडे ह्यांच्या चित्रांच्या किमती तीन गोष्टींच्या संयोगातून वाढल्या : अल्प पुरवठा, निर्यातीस मोकळी असलेली पेठ आणि सूची, संग्रहालय, चरित्र ह्यांतून घडलेली सुसंगत संहिता. ह्यांपैकी पहिल्या दोन गोष्टींवर अभ्यासकाचे नियंत्रण नाही. तिसरी मात्र लेखनातून घडते आणि लेखनातूनच दुरुस्त होऊ शकते. मराठीतील आठवणी, पत्रे, नियतकालिकांतील परीक्षणे, प्रदर्शनांच्या पत्रिका ह्यांचे संकलन, त्यांची चिकित्सा आणि त्यांचे अन्य भारतीय भाषांत अनुवाद, हे काम मराठीच्या अध्यासनांनी हाती घ्यावयास हवे. संहिता-संपादनाची शिस्त आपल्याजवळ आहे. ज्ञानदेव-तुकारामांच्या पाठांसाठी जी वापरली तीच येथे उपयोगी पडणार आहे.

लिलावात शेवटची बोली लागली की हातोडी पडते आणि प्रश्न मिटतो. अभ्यासाच्या पेठेत तसे होत नाही. येथे शेवटची बोली कोणाचीच नसते. म्हैसूरला जाणाऱ्या एखाद्या मराठी अभ्यासकाने जगन्मोहन राजवाड्यात त्या समईच्या चित्रापुढे उभे राहून शेजारच्या माणसाला हळदणकरांचे नाव सांगितले, तरी ह्या कामाचा आरंभ झाला असे समजावयास हरकत नाही.